पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन आणि नंतरची पित्तगळती: नाशिकमधला माझा अनुभव

पित्ताशय काढलं त्याला आता सहा महिने होऊन गेले. ऑपरेशन ठरलं तेव्हा मी रात्री जागून मोबाइलवर मराठीत काही वाचायला मिळतंय का ते बघत होते. मिळालं ते दोन टोकांचं. एकीकडे जाहिराती, चार छिद्रं आणि दुसऱ्या दिवशी घरी. दुसरीकडे कुणाच्या तरी मावसबहिणीची नळी कापली गेल्याच्या ऐकीव गोष्टी. माझ्या बाबतीत शंभरातल्या एखाद्याला होते ती गुंतागुंत झाली, वेळेत लक्षात आली आणि नीटही झाली. ते जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. मखमलाबादला आमची द्राक्षबाग आहे, घर आणि बागेचा हिशेब मी बघते.

पहिल्यांदा दुखलं ते २०२४ च्या भाऊबीजेला, ३ नोव्हेंबरच्या रात्री. उजव्या बरगडीखाली कळ उठली आणि पाठीत उजव्या फऱ्याखाली गेली. या कुशीवरून त्या कुशीवर झालं तरी आराम नाही, उठून बसलं तरी नाही. उलटी झाली आणि पहाटे आपोआप थांबलं. दिवाळीचं फराळाचं खाणं, पित्त झालं असेल असंच सगळ्यांना वाटलं. थंड दूध, सब्जा, ॲसिडिटीची गोळी. डिसेंबरच्या सुरुवातीला एका हळदीच्या जेवणानंतर पुन्हा तसंच झालं, तेव्हा पंचवटीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बरगडीखाली बोटं दाबून मोठा श्वास घ्यायला सांगितला. श्वास अर्ध्यात अडकला. ते म्हणाले, "ताई, हे ॲसिडिटीचं नाही. उद्याच सोनोग्राफी करा, उपाशीपोटी."

कॉलेज रोडला बाराशे रुपयांत सोनोग्राफी झाली. पित्ताशयात बरेच खडे, सर्वांत मोठा ९ मिलिमीटर. पित्ताशयाची भिंत ३ मिलिमीटर, म्हणजे सुजलेली नाही. मुख्य पित्तनलिका ५ मिलिमीटर, म्हणजे फुगलेली नाही. तुमच्या हातात रिपोर्ट येईल तेव्हा खड्यांच्या आकाराइतकेच हे शेवटचे दोन आकडेही बघा. ऑपरेशन किती सोपं जाईल आणि खडा नळीत उतरला असण्याची शक्यता किती, याचा अंदाज सर्जन त्यावरून बांधतात.

घरी सल्ल्यांचा पाऊस पडला. पानफुटीची पानं, कुळथाचं कढण, कुणी बिअर सुचवली. हे सगळं लोक मुतखड्यासाठी करतात. पित्ताशयाचा रस्ताच वेगळा, तिथला खडा लघवीवाटे बाहेर पडत नाही. तो सरकला तर मुख्य पित्तनलिकेत जातो आणि तिथे अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते. म्हणून लहान खडे निरुपद्रवी समजू नयेत, सरकायला तेच सोपे. नणंदेने लिंबू आणि ऑलिव्ह तेलाचा उपाय पाठवला होता. त्यातून शौचावाटे जे हिरवे गोळे पडतात ते तेल आणि पाचकरसांचे घट्ट झालेले गोळे असतात, खडे नसतात. खडे विरघळवण्याची गोळी असते, पण ती ठरावीक प्रकारच्या लहान खड्यांवरच चालते, महिनोन् महिने घ्यावी लागते आणि थांबवल्यावर पुष्कळांना खडे परत होतात. काहीच त्रास नसेल, खडे सहज तपासणीत सापडले असतील, तर बहुतेकांना ऑपरेशनची गरज नसते. मला दुखायला लागलं होतं. एकदा असे झटके सुरू झाले की ते परत येत राहतात.

दोन सर्जनना भेटले. पहिले म्हणाले, "आमचं रोजचं काम आहे, काळजीचं कारण नाही." दुसऱ्यांनी कागद घेतला, यकृत काढलं, त्याखाली पित्ताची पिशवी, तिच्यातून निघणारी बारीक नळी, ती जिथे मुख्य नळीला मिळते ती जागा आणि शेजारून जाणारी रक्तवाहिनी. मी प्रश्न डायरीत लिहूनच नेले होते. फी सातशे रुपये होती आणि त्यांनी अर्धा तास दिला. मी त्यांच्याकडेच करायचं ठरवलं.

त्यांनी जे सांगितलं ते शक्य तितकं त्यांच्याच क्रमाने देते. नियोजित ऑपरेशनमध्ये शंभरातल्या दोन ते पाच जणांचं पोट उघडावं लागतं, सूज असताना तातडीने केलं तर जास्त जणांचं. बेंबीजवळची जखम चिघळू शकते, पुढे तिथे हर्निया होऊ शकतो. रक्तस्राव, आतड्याला इजा, पायाच्या शिरेत गाठ होणं, भुलीचा त्रास, हे सगळं कमी प्रमाणात पण होतं. एखादा खडा आधीच मुख्य नळीत उतरलेला असेल तर तो मागे राहतो आणि नंतर दुर्बिणीने काढावा लागतो. शंभरात साधारण एकाला पित्त गळतं, बहुतेक वेळा कापून बंद केलेल्या बारीक नळीच्या तोंडातून. आणि ज्याची सर्जनलाही सर्वांत जास्त भीती असते ते म्हणजे मुख्य पित्तनलिकेलाच इजा. ती हजारात तीन ते पाच जणांना होते. ती झाली तर आतड्याचा तुकडा वर आणून नळीला जोडावा लागतो आणि ते काम यकृत-पित्तनलिकेच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्यानेच करावं.

मी विचारलं, नळी चुकीची कापली जातेच कशी? सुजेमुळे सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं आणि मुख्य नळीच बारीक नळी वाटते, असं ते म्हणाले. म्हणून कापण्यापूर्वी तिथली चरबी आणि पडदे साफ करून, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा करून, पित्ताशयात शिरणाऱ्या फक्त दोनच गोष्टी उरल्यात हे डोळ्यांनी बघायचं, एक नळी आणि एक रक्तवाहिनी. अमेरिकन सर्जन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये ही पद्धत मांडली आणि आज जगभर ती शिकवतात. ती दोन टोकं स्पष्ट दिसली नाहीत तर थांबायचं, पोट उघडायचं किंवा पित्ताशयाचा थोडा भाग मागे ठेवायचा. "पोट उघडावं लागलं तर ते अपयश समजू नका. त्या वेळी न उघडणारा सर्जन जास्त धोक्याचा," हे त्यांचं वाक्य मी डायरीत लिहून घेतलं. ह्यांना आकडे ऐकून घाम फुटला होता. मला उलट धीर आला, कारण समोरच्या माणसाने काही राखून ठेवलं नव्हतं.

भारतात हे ऑपरेशन दुर्बिणीतून पहिल्यांदा झालं १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेमटन उडवाडिया यांच्या हातून. म्हणजे माझ्या आईच्या पिढीला याच कामासाठी बरगडीखाली वीतभर चीर घ्यावी लागायची. ते सोसलेल्या एक आत्या आमच्या घरात आहेत. दुर्बीण वाईट, पोट उघडलेलंच बरं, असं कुणी म्हणालं की मी त्यांचा व्रण आठवते.

डायरीतले आणखी दोन प्रश्न मला नंतर फार उपयोगी पडले. पित्त गळलं किंवा खडा मागे राहिला तर ईआरसीपी लागते, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत जाणं. ती नाशिकमध्येच होईल का आणि कोण करेल? आणि घरी गेल्यावर रात्री किंवा रविवारी त्रास झाला तर फोन कुणाला करायचा? पहिल्याचं उत्तर होतं, शहरातलेच एक गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्ट, म्हणजे पोटविकारतज्ज्ञ, करतात, मुंबईला पळावं लागणार नाही. दुसऱ्यासाठी त्यांनी स्वतःचा नंबर कागदावर लिहून दिला.

तारीख संक्रांत झाल्यावर धरली, गुरुवार १६ जानेवारी २०२५. फेब्रुवारीत आमचा माल काढणीला येतो आणि मुलीची बारावी होती. त्याआधी उरकायचं असा हिशेब होता.

मधल्या काळात तपासण्या झाल्या. रक्त, साखर, यकृताचे आकडे, रक्त गोठण्याची वेळ, एचआयव्ही आणि काविळीच्या चाचण्या, ईसीजी, छातीचा एक्स-रे, टू-डी एको. साडेसहा हजार रुपये. या पावत्या जपून ठेवा. बहुतेक पॉलिसींमध्ये भरतीच्या आधीच्या तीस दिवसांतला खर्च मिळतो. भूलतज्ज्ञांना बीपीची गोळी, ॲलर्जी, हलणारा दात, आयुर्वेदिक काढे, सगळं सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे त्यांनाच ठरवू द्या.

मेडिक्लेमचं मला ऑपरेशनइतकंच टेन्शन होतं. पित्ताशयाच्या खड्यांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो. आमची पॉलिसी चौथ्या वर्षात होती, पाच लाखांची, सगळ्या कुटुंबाची मिळून. हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे कागद बघणाऱ्या काउंटरवर, आधार, पॅन, पॉलिसी कार्ड, सोनोग्राफी आणि पहिल्या डॉक्टरांचा कागद दिला. कंपनीचा प्रश्न आलाच, त्रास नेमका केव्हापासून? आमच्या डॉक्टरांनी तारीख घालून "एक महिन्यापासून पोटदुखी" असं लिहिलेलं होतं, म्हणून एका मेलमध्ये मिटलं. केसपेपरवर कुणी "जुना त्रास" असं मोघम लिहिलं की हीच गोष्ट आठवडाभर लांबते, हे डेस्कवरच्या मुलीनेच सांगितलं. आणखी एक, खोलीचं भाडं पॉलिसीच्या मर्यादेत बसतं का ते बघूनच खोली घ्या. भारी खोली घेतली तर अनेक पॉलिसींत फक्त भाडंच नाही, बाकीचं बिलही त्या प्रमाणात कापतात. मला अंदाज ऐंशी ते नव्वद हजारांचा दिला होता.

बुधवारी संध्याकाळी भरती झाले. संमतिपत्र इंग्रजीत आलं. मराठीतलं मागितलं, तर सिस्टरने कपाटातून काढून दिलं. ते असतं, मागावं लागतं. "गरज पडल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया" हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि सही केली. रिकाम्या जागा भरल्याशिवाय सही करू नका.

गुरुवारी सकाळी मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी सासूबाईंच्या हातात दिली. ऑपरेशन थिएटर फार थंड होतं. भूलतज्ज्ञांनी मुलीचं नाव विचारलं, ते सांगितलं एवढंच आठवतं. शुद्धीवर आले तेव्हा घसा दुखत होता, अंग थरथरत होतं आणि उजवा खांदा इतका ठणकत होता की ऑपरेशन खांद्याचं झालं की काय असं वाटावं. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, तो श्वासपटलाला चाळवतो आणि ते दुखणं खांद्यात जाणवतं. चालल्याने उतरतं. संध्याकाळी मला धरून व्हरांड्यात चालवलं. सर्जन म्हणाले चिकटलेलं बरंच होतं, दीड तास लागला, पण ती दोन टोकं नीट दिसली आणि पोट उघडावं लागलं नाही. खडे डबीत घालून ह्यांना दाखवले, पित्ताशय तपासणीला पाठवलं.

शुक्रवारी घरी. विमा नियामकाने २०२४ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार हॉस्पिटलचा मेल पोचल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असते. आम्हाला वेळ लागला तो मेल हॉस्पिटलमधून निघायलाच. डॉक्टरांनी डिस्चार्ज सांगितला की घरच्या कुणीतरी लगेच बिलिंगला जाऊन "कंपनीला पाठवलं का" हे विचारत राहावं. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या, ड्रेसिंग आणि आठवड्याने दाखवा एवढंच होतं. परत केव्हा यायचं ते मी सिस्टरला विचारलं आणि तिच्याकडून कार्डाच्या मागे लिहून घेतलं. १०० च्या वर ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, पोट फुगणं, उलट्या, आणि दुखणं आदल्या दिवसापेक्षा जास्त.

हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं आहे. या ऑपरेशननंतर प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा बरा जायला हवा. शनिवारी मी वरण-भात खाल्ला, अंगणात फिरले, खांदा जवळजवळ उतरला होता. रविवारी दुपारी खांदा परत दुखायला लागला. छिद्रांची दुखी वेगळी कळते, हे आत खोल, उजवीकडे सगळीकडे पसरलेलं होतं. अन्नाचा वास नको झाला, पोट तडतडलं, नाडी ११० लागत होती, ताप १००. सासूबाई म्हणाल्या गॅस झाला असेल, ओवा दे. ह्यांनी हॉस्पिटलच्या नंबरवर फोन केला. तिथल्या ड्युटी डॉक्टरांनीही गॅसच म्हटलं, गोळी घ्या, उद्या ओपीडीत या. मी फोन घेतला आणि म्हटलं, "काल मला बरं होतं. आज कालच्यापेक्षा जास्त आहे." मग कागदावरच्या नंबरवर सर्जनना लावला. तेच वाक्य सांगितल्यावर त्यांनी पुढे काही विचारलंच नाही. म्हणाले, निघा, काही खाऊ-पिऊ नका, मी येतो.

रविवारी संध्याकाळी सोनोग्राफीत यकृताखाली पाणी साठलेलं दिसलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पंधरा हजारांवर, काविळीत वाढतं ते बिलिरुबिन दोनच्या वर, दोन्ही जास्त. ते पाणी काय आहे हे सुई घातल्याशिवाय कळणार नव्हतं. रात्री सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. ती रात्र वाईट गेली. हजारात तीन ते पाच, तो आकडा डोक्यातून जात नव्हता. सर्जननी आधी सांगितलं होतं ते सगळं आठवत होतं आणि त्यामुळे निदान पुढे काय काय होऊ शकतं हे तरी कळत होतं.

सोमवारी सोनोग्राफीत बघत बघत, साठलेलं पाणी बाहेर काढायला बरगडीखालून निचऱ्याची नळी घातली. जागा बधिर करून करतात, दाब कळतो, दुखत फारसं नाही. तिला लावलेल्या पिशवीत पिवळट हिरवं पाणी उतरलं, पित्तच ते. तासाभरात पोट हलकं झालं. त्याच दिवशी एमआरसीपी म्हणजे नळ्यांचा एमआरआय झाला, त्यात मुख्य नळी अखंड दिसली. सर्जन रिपोर्ट घेऊन स्वतः वर आले आणि म्हणाले, "मोठी नळी शाबूत आहे ताई." मी तेव्हा रडले.

मंगळवारी ईआरसीपी, दुसऱ्या सेंटरला, ॲम्ब्युलन्सने. घशात बधिर करणारा फवारा, पालथं झोपवतात, गुंगीचं औषध. नळीत रंग सोडून एक्स-रेत बघितलं तर बंद केलेल्या बारीक नळीच्या तोंडातून गळत होतं. मुख्य नळीच्या खालच्या टोकाला थोडा गाळ अडकला होता, तो काढला. टोकाची झडप थोडी कापून मोकळी केली आणि आत प्लॅस्टिकची छोटी नळी ठेवली, स्टेंट. गळती वरच्या बाजूला आणि स्टेंट खाली का, हे मला कळेना. ठिबकच्या नळीला बारीक गळती असली आणि शेवटचं टोक मोकळं केलं की दाब उतरतो आणि गळती थांबते, हे मी बागेत रोज बघते. इथेही तेच. पित्ताला आतड्यात जायला सोपी वाट मिळाली की ते गळतीकडे जात नाही आणि तोंड आपोआप भरून येतं.

ईआरसीपीचाही स्वतःचा धोका असतो, शंभरात तीन ते दहा जणांना स्वादुपिंडाला सूज येते. ती टळावी म्हणून गुदद्वारातून एक गोळी देतात आणि काही तासांनी रक्त तपासतात. माझं ठीक आलं.

मग फक्त वाट बघणं. पिशवीत रोज किती पित्त येतं ते सिस्टर मोजायच्या, मीही डायरीत लिहायचे. आकडा उतरत गेला. नातेवाइकांपैकी कुणी कुणी म्हणालं केस करा, सर्जनने चूक केली. यावर मी खूप विचार केला. गुंतागुंत झाली म्हणजे हलगर्जी झालीच असं मी मानत नाही. हे होऊ शकतं ते आधी सांगितलं होतं का, तक्रार केल्यावर लगेच बघितलं का, कागद लपवले का, या तीन गोष्टी मी बघितल्या. सांगितलं होतं, बघितलं, आणि ऑपरेशनची नोंद मागितल्यावर प्रत मिळाली. यातलं एक जरी उलट असतं तरी माझं मत वेगळं झालं असतं. रविवारी ओपीडीत या म्हणणाऱ्या ड्युटी डॉक्टरांबद्दल मी सर्जनकडे स्पष्ट बोलले आणि लेखीही दिलं.

निचऱ्याची नळी काढून २८ जानेवारीला घरी आले. तोवर बागेत व्यापारी येऊन गेले होते. सौदा जाऊबाईंनी केला, मुलीची प्रॅक्टिकल तिने तिची दिली.

दुसऱ्या भरतीला वेगळी पूर्वमंजुरी लागते. कंपनीने विचारलं, पहिल्या ऑपरेशनशी संबंध काय? सर्जनच्या लेटरहेडवर चार ओळींचं प्रमाणपत्र दिलं आणि मंजूर झालं. ईआरसीपी दुसऱ्या सेंटरला झाल्यामुळे ते पैसे आधी आम्हाला भरावे लागले, पन्नास हजारांच्या आसपास. नंतर मागायला मूळ बिल, पावती, रिपोर्ट, हॉस्पिटलचं रेफरल पत्र आणि स्टेंटच्या पाकिटावरचं स्टिकर लागलं. ते स्टिकर सेंटरमधूनच रिपोर्टला चिकटवून घ्या, नंतर मिळत नाही. पहिलं बिल पंच्याऐंशी हजार, दुसरं ईआरसीपी सोडून एक लाख दहा हजार. हातमोजे, ड्रेसिंगचं सामान असल्या न मिळणाऱ्या गोष्टी धरून आमच्या खिशातून बावीस हजार गेले. ईआरसीपीचे पैसे मार्चअखेर आले.

स्टेंट आत राहून चालत नाही. काही महिन्यांत तो तुंबतो, मग थंडी वाजून ताप, कावीळ आणि नळीत जंतुसंसर्ग. बरं वाटायला लागलं की लोक तो विसरतात, असं गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं. मी तारीख कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिली, मुलीच्या आणि ह्यांच्या मोबाइलमध्ये टाकली. १२ मार्चला, होळीच्या आदल्या दिवशी, घशात फवारा मारून काही मिनिटांत काढला. नऊ हजार रुपये. आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे साठ दिवस धरतात आणि ही तारीख त्यात बसत होती. तुमच्या पॉलिसीत किती दिवस आहेत ते बघूनच तारीख घ्या, अर्थात डॉक्टर चालेल म्हणाले तरच.

खाण्याचं सगळे विचारतात. पहिले काही आठवडे तेलकट खाल्लं की लगेच पातळ शौचाला जावं लागायचं. पित्त साठवायला पिशवी नसते, ते सतत थोडं थोडं आतड्यात उतरतं, म्हणून काहींना असं होतं. एकावेळी थोडं खाणं, तूप-तेल हळूहळू वाढवणं, एवढ्याने एप्रिलपर्यंत बसलं. मिसळ खाते, तर्री कमी घेते. द्राक्षांचे कॅरेट उचलायला दीड महिना मनाई होती, ती मी पाळली. एप्रिलच्या खरड छाटणीला बागेत उभी होते.

पित्ताशयाच्या तपासणीचा रिपोर्ट आठवड्याने तयार होतो आणि बरेच जण तो आणायला जातच नाहीत. जरूर आणा. क्वचित कर्करोग असतो तो तिथेच कळतो आणि मग पुढचे उपाय लवकर करावे लागतात. माझ्यात जुनी सूज, बाकी काही नाही असं आलं.

जुलैमध्ये यकृताचे आकडे पुन्हा तपासले, सगळे जागेवर आले. सर्जन म्हणाले आता नियमित तपासणी नको, पण पुढे कधीही थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले तर ऑपरेशनची नोंद आणि ईआरसीपीचा रिपोर्ट घेऊनच डॉक्टरांकडे जा. डिस्चार्ज कार्डात ही नोंद पूर्ण नसते, वेगळी मागून घ्यावी लागते. तीत कोणत्या धातूच्या क्लिपा लावल्या तेही असतं. माझ्या टायटॅनियमच्या आहेत, एमआरआयला चालतात, तरी मशीनवरच्या माणसाला आधी सांगायचं. दोन्ही कागदांचे फोटो मुलीच्या मोबाइलमध्येही ठेवले आहेत.